वनिताताईंनी न केलेली सही

वनिताताई गेल्याचं मला ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, खाली सेंद्रिय शेतीवरच्या वेबिनारचं पोस्टर आणि मध्ये साहेबांचा संदेश... ‘आपल्या परिवारातलं एक हिरवं पान गळालं.’ परिवार म्हणे! ज्या माणसानं त्यांना चार ओळींच्या ईमेलवर घरी पाठवलं, त्याला त्या गेल्यावर पान आठवलं. खाली हात जोडलेल्यांची रांग. त्या रांगेत माझेही दोन हात होते, हे आधीच सांगून टाकतो.

तुर्भ्यात रसायनांच्या गोदामावर तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. तिथून आम्ही शेतकऱ्यांना सेंद्रिय असल्याची प्रमाणपत्रं देतो. वनिताताई तपासनीस. शेतावर जाऊन पाहायचं, अहवाल लिहून खाली सही करायची, हे त्यांचं काम. मी एसीत बसून त्या अहवालांवर मंजुरीची सही करायचो. ताई कोपरखैरण्याच्या मूळच्या आगरी. वडिलांचं भाताचं शेत शहरात गेलं, त्यावर आता टॉवर उभा आहे. त्याचं रडगाणं त्यांनी कधी गायलं नाही. फक्त शेतावर जाताना चप्पल बांधावरच काढून ठेवायच्या. ऑफिसात त्यावरही हसायचे लोक.

कर्जतकडे भेंडीचा एक गट होता. एका व्यापाऱ्यानं चाळीस शेतकऱ्यांची नावं गोळा करून सगळ्यांचं मिळून एकच प्रमाणपत्र काढायला घेतलं होतं. नेहमी पाच-सात शेतं पाहून भागवतात. ताई चाळीसही घरी गेल्या. त्यातल्या अकरा घरांनी खरोखरच तीन वर्षं फवारणी केली नव्हती. त्या अकरांना कमलताई नावाची बाई एकत्र धरून होती. बाकीच्यांना आपण सेंद्रिय आहोत याचा पत्ताच नव्हता. पाठीवर फवारणीचा पंप घेतलेल्या एका आजोबांनी ताईंनाच विचारलं, “शेंद्रिय? ते काय नवीन औषद हाय का?”

ताईंनी ते जसंच्या तसं अहवालात लिहिलं. खोटी नावं काढल्याशिवाय सही करणार नाही, म्हणाल्या. साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

“मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेता. क्लायंट आहे आपला.”

“क्लायंट भेंडी खानार नाय ना, साहेब. खानारा येगळाच हाय.”

साहेबांनी फाइल माझ्याकडे सरकवली. “सुहास, तू बघ जरा.” मी बघितलं. म्हणजे नवा अहवाल टाइप झाला, कर्जतला पाऊल न ठेवता मी त्याखाली तपासनिसाच्या जागी माझीच सही केली आणि पावणेसहाला घरी गेलो. दुसऱ्या दिवशी ताई नेहमीसारख्या माझ्यासमोर जेवायला बसल्या. डबा उघडला आणि मला काही न देता जेवल्या. आठ वर्षांत पहिल्यांदाच. पुढच्या आठवड्यात तो चार ओळींचा ईमेल आला.

काही महिन्यांनी परदेशी गेलेली भेंडी परत आली. तिच्यात फवारणीचे अंश सापडले होते. अख्ख्या गटाचं प्रमाणपत्र रद्द झालं. व्यापाऱ्यानं दुसऱ्या तालुक्यात दुसरी चाळीस नावं शोधली. आमच्याकडे ‘विश्वासार्हता’ या विषयावर प्रशिक्षण झालं, समोसे होते. कमलताई आणि त्यांच्या सोबतच्या दहा घरांची तीन वर्षं मात्र मातीत गेली.

ताई त्यांच्याकडे गेल्या. स्वतःहून, स्वतःच्या खर्चानं. अकरा घरांचा वेगळा गट केला. बियाणं कुठून आणलं, शेण कुणाचं, शेजाऱ्यानं कधी फवारलं, हे रोज वहीत लिहायला शिकवलं. प्रमाणपत्र पुन्हा मिळेपर्यंत दर रविवारी त्यांची भाजी आपल्या सोसायटीच्या गेटवर विकायला मांडली. तिथल्या सुशिक्षित मंडळींनी भेंडीची टोकं मोडमोडून विचारलं, “स्टिकर कुठाय?” आणि वर जाऊन अॅपवरून प्लास्टिकात गुंडाळलेली, हिरव्या स्टिकरची भेंडी मागवली. तो स्टिकर आमचाच असणार... कदाचित माझ्या सहीचाही.

दोन वर्षं हे चाललं. मग न्यूमोनियाचं निमित्त झालं. ताई अवघ्या छप्पन्न वर्षांच्या होत्या.

शोकसभेत साहेब वीस मिनिटं बोलले. ताईंच्या नावानं पुरस्कार जाहीर केला, ‘सर्वोत्कृष्ट गटा’साठी. टाळ्या पडल्या. शोकसभेत! शेवटच्या रांगेत कमलताई होत्या. त्यांना बोलायला कुणी सांगितलं नाही. चहाच्या वेळी त्या माझ्यापाशी आल्या.

“तुमी हापिसातलं ना? वह्या लिवून ठेवल्यान आमी. आता बगायला कोन येनार?”

का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, “तुमच्या रद्द झालेल्या कागदावर माझी सही होती.”

त्यांनी मला पायापासून वरपर्यंत पाहिलं.

“म्हाईत हाय. ताईनं सांगलेलं.” मग म्हणाल्या, “तरी इचारते. येनार का?”

मागच्या रविवारी गेलो. वाटलं होतं, वही पुढे करतील. त्या थेट वाफ्यात घेऊन गेल्या. “ताई आधी वही नाय मागायची. आधी पान उलटं करून बगायची.” मी उभ्यानंच पान धरलं तर म्हणाल्या, “असं नाय दिसत. वाका.”

वाकलो. पानामागे माव्याची बारीक कीड होती आणि तिला खाणारे लाल, काळ्या ठिपक्यांचे दोन किडे. फवारलेल्या शेतात ते टिकत नाहीत, हे मी आठ वर्षं ताईंच्या अहवालांत वाचत होतो. कमलताई पुढच्या झाडापाशी जाऊन माझी वाट पाहत थांबल्या होत्या.