माझं सैन्य कुणी रंगवलं

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढलेली नाही. मित्राजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही, आणि जिच्याजवळ सगळ्यात आधी काढायला हवी होती तिच्याजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ काढतोय, कारण तुमच्यासमोर मला रोज जेवायला बसायचं नाही.

आधी हसून घ्या, म्हणजे पुढचं सांगायला बरं पडेल. आमच्या वयाची माणसं रविवारी पत्ते कुटायची, मी आणि दिलीप लढाया खेळायचो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोरिवलीला माझ्या दोन खोल्यांच्या घरात, चार स्टुलांवर टाकलेल्या जुन्या दाराच्या फळीवर. अंगठ्याएवढे शिशाचे सैनिक, काही पायदळ, काही घोडेस्वार. कोण किती पुढे सरकणार ते फूटपट्टीने मोजायचं, कोण मेला ते फासे टाकून ठरवायचं. दिलीप माझ्याच कंपनीत होता, राहायला कांदिवलीला. हा खेळ त्याने कुठल्याशा परदेशी मासिकातून उचलला, मला लावला, आणि दोघंही त्यात असे बुडालो की सोसायटीत आम्हाला 'सेनापती' म्हणायचे. कौतुकाने नव्हे.

सैनिक बाजारात मिळत नसत. आम्ही प्लास्टरचे साचे करायचो आणि गॅलरीत स्टोव्हवर शिसं वितळवून ओतायचो. ओतकाम माझ्या हातचा मळ होता. रंगवणं मात्र... आणि आमचा एक नियम होता. नागडा शिपाई लढणार नाही. म्हणजे अर्धवट रंगलेला सैनिक मैदानात येणार नाही, आणि ज्याचं सैन्य त्यानेच रंगवायचं. तोच तर खरा मान. जिंकणं काय, फाशांच्या हातात असतं.

गुढीपाडव्याला आम्ही वर्षाचे बेत बोलून दाखवायचो. त्या वर्षी श्रीखंड जरा जास्त झालं असावं. मी म्हणून बसलो—यंदा माझं अख्खं मराठा सैन्य मी स्वतःच्या हाताने रंगवणार. हरलो तर रुसणार नाही. आणि दिवाळीत पोरं किल्ले करतात ना, तसं सोसायटीच्या हॉलमध्ये आपण रणांगण मांडू, सगळ्यांना दाखवू. दिलीप हसला. "तुझे मावळे बघून शत्रू हसून हसून मरेल रे," म्हणाला. ते मला लागलं. आता विचार करतो, एवढ्याशा बोलण्याचं काय लावून घ्यायचं? पण लागलं.

श्रावण सरला तरी जेमतेम मूठभर शिपाई रंगले होते आणि त्यांच्या तोंडावर गोवर उठल्यासारखं दिसत होतं. माझी बायको सुनंदा बाजूला बसून साड्यांना फॉल लावत होती. मी तिसऱ्यांदा एकाच शिपायाचा डोळा पुसला, तेव्हा तिने सुई खोचून ठेवली, शिपाई घ्यायला हात पुढे केला आणि म्हणाली, "हाडा हय. माका येता ता." एरवी ती माझ्याशी मालवणी बोलत नसे. ती कुडाळकडची. तिचे वडील गणपती करायचे, आणि लग्नाआधी पाच-सहा वर्षं डोळ्यांची आखणी तीच करत होती. हे मला माहीत होतं हो. लग्न ठरवताना मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं त्यांनी. मी विसरलो होतो.

तिने मळलेल्या कणकेची एक वळी पोळपाटावर थापली आणि त्यात शिपाई ओळीने रोवले, हलू नयेत म्हणून. मग एकेक रंग. आधी सगळ्यांचे अंगरखे, मग सगळ्यांची पागोटी, मग कातडी वहाणा. डोळे शेवटी. डोळे काढताना ती श्वास धरायची, आणि एक ओळ झाली की सोडायची. मी ऑफिसातून यायचो तेव्हा कपाटावर नवी तुकडी वाळत असायची. प्रत्येकाचा चेहरा वेगळा. एक घाबरलेला, एक आमच्या वॉचमनसारखा पेंगुळलेला. मी तिला म्हणालो, झकास. आणि लगेच म्हणालो, "कुणाला बोलू नकोस हं." ती म्हणाली, "मी कुणाला सांगायला जातेय?"

एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. बायकोच्या हातचं लोणचं आपल्या नावावर खपवणारे नवरे मी पुष्कळ पाहिलेत. मी दुसऱ्याच गोष्टीकडे येतोय, आणि बघा, अजून वळसे घालतोय.

सुनंदाला त्या दिवसांत काम हवं होतं. एका शाळेत हस्तकलेच्या बाई म्हणून विचारून आली होती, त्यांनी दहावी नाही म्हणून परत पाठवलं. फॉल-बिडिंगचा तिला कंटाळा आला होता. "दिवसभर सरळ टाके घालून माझा हात मुका झाला," असं ती एकदा म्हणाली. मी पेपर वाचत होतो. पण ऐकलं होतं.

दिवाळीत हॉलमध्ये लढाई मांडली. गर्दी झाली. दिलीपने माझं सैन्य वाकून बघितलं, मग माझा हात धरून वर केला, कुस्ती मारल्यावर करतात तसा. "मानलं यार तुला!" मी हसलो. सुनंदा दारापाशी बायकांमध्ये चकल्यांचं ताट घेऊन उभी होती. तीही हसली. खरंच हसली—त्या दिवशी तिला वाईट वाटलं होतं असं मी म्हणणार नाही. आपलं काम लोक वाकून वाकून बघतायत, याचंच तिला पुष्कळ होतं.

दिलीपचे एक मामा आले होते. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यांचा गाळा होता. बिल्डर लोकांना इमारतींची छोटी मॉडेलं करून द्यायचे, झाडं, मोटारी, माणसं सगळं इवलं इवलं. ते फळीभोवती दोनदा फिरले. एक घोडेस्वार उचलून चष्म्याजवळ नेला, मग उलटा केला. खाली काहीतरी पांढरट वाळून चिकटलं होतं. त्यांनी नखाने खरवडलं, वास घेतला, आणि मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "काय हो, घरात पोळ्यापण तुम्हीच करता काय?"

ते चांगले होते, मला उघडं पाडायला आले नव्हते. आवाज खाली करून म्हणाले, "ज्याचा हात आहे त्याला माझ्याकडे पाठवा. असा हात मी दोन वर्षं शोधतोय. माझ्याकडे चार बायकाच आहेत कामाला, तेव्हा काळजी नाही. घरी नेऊन केलं तरी चालेल. शिकवीन, पुढे गाळ्याची अर्धी जबाबदारी देईन."

आता सांगतो.

मी म्हणालो, "घरी तसं कुणी नाही."

सुनंदा दहा पावलांवर होती. कुणाच्या तरी पोराच्या हातावर चकली ठेवत होती. मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असं," म्हणाले, आणि घोडेस्वार जागेवर ठेवून दिला.

का बोललो? ती कामाला गेली असती तर दिलीपला कळलं असतं. पाडव्याची माझी फुशारकी उघडी पडली असती. एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी फार शोधलं. ती दमली असती, पोरं लहान होती, चारकोप तेव्हा लांब वाटायचं... सगळी नंतर सुचलेली. त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त दिलीपचं हसणं होतं. शिशाच्या खेळण्यांसाठी मी तिचं काम घालवलं.

रात्री भांडी आवरताना तिने विचारलं, "ते मामा काय म्हणत होते हो? बराच वेळ बघत होते." मी म्हटलं, "काही नाही, शिसं कुठून आणता विचारत होते." ती "बरं" म्हणाली. पुढच्या पाडव्याला मी नवे बेत केलेच नाहीत. दिलीप चिडवून थकला, मग तोही दुसऱ्या नादाला लागला. सुनंदा फॉल लावत राहिली.

दोनेक वर्षांनी आम्ही जागा बुक करायला दहिसरला एका बिल्डरच्या ऑफिसात गेलो होतो. काचेच्या पेटीत अख्खी कॉलनी मांडलेली. मी नकाशे बघत होतो. थोड्या वेळाने लक्षात आलं, सुनंदा शेजारी नाही. ती पेटीपाशी वाकून, काचेला नाक लागेल इतकी जवळ उभी होती. बाकावर बसलेला एक म्हातारा, दुधाची पिशवी घेतलेली बाई, गेटवरचा वॉचमन, प्रत्येकाकडे सावकाश बघत होती. काम ठीकच होतं. तिच्या हाताच्या जवळपासही नव्हतं.

"अहो," ती सरळ होत म्हणाली, "ही असली कामं कोण देतं? कुठे जाऊन विचारायचं असतं?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. आणि मला गाळ्याचा रस्ता माहीत होता, माणसाचं नाव माहीत होतं, तो अजून तिथेच बसतो हेही माहीत होतं.

"आपल्याला काय ठाऊक," मी म्हणालो, "चल, साहेब बोलावतायत."