अडईच्या फोटोची खालची पट्टी

"नाई वं प्रयागबाई, तुया कोपऱ्याचा एकबी फोटो नाई मायाजवळ."

"असं कसं गा? रोज सकाऊन तलावावर येतं तू. सारा तलाव काढला, अन् आमचा कोपराच नाई?"

"नाई."

"काहून?"

"काहून म्हणजे? तिथी लोकं हागते, काहून!"

प्रयागबाई दुकानाच्या पायरीवर बसली होती. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावरची टोपली खाली ठेवलेली. ती हसली नाही. "हागते तं हागते," ती म्हणाली. "पण पाणी तं आहे ना तिथी? सायब म्हंते, पाणी होतं असं दाखवा. आता पाणी होतं हे पाण्यानं सांगाव का?"

गिरिधर फोटोवाल्याने क्यामेऱ्याची काच मलमलीच्या चिंधीने पुसली, फुंकर मारली, पुन्हा पुसली. बाईच्या पायाचा चिखल पायरीवर वाळत होता, त्याच्याकडे पाहायचं टाळत होता तो.

गिरिधर पारशिवनीकडचा. चिखलाशेणात जन्मला, पण जन्मताच नाक मुरडून आला असावा. लहानपणी गोठ्यात जायचं म्हटलं की याला ओकारी यायची. बाप म्हणायचा, "हे पोट्टं चुकून आपल्या घरी आलं, पत्ता चुकलं." शेवटी नागपुरात एका फोटोवाल्याच्या हाताखाली राहिला, धंदा शिकला, आणि चिचबोडीच्या तलावावर गणपतरावांच्या घराखालची खोली भाड्यानं घेऊन स्टुडिओ टाकला. पाणी पिण्याआधी गिलास हुंगायचा. हॉटेलातला चहा प्यायचा नाही. लग्नाचे फोटो काढायला गेला तर घरून भाकर बांधून न्यायचा आणि वरातीकडे पाठ करून खायचा.

पण तलावाचं त्याला वेड होतं. रोज उजाडताना खांद्यावर दोन डोळ्यांचा जुना क्यामेरा आणि हातात बांबू. बांबू कशाला, तर फोटोत येणारी घाण लोटायला. निर्माल्याचे हार, फुटका माठ, कधी मेलेलं कुत्रं. एखादा बाप्या आंघोळीला उतरला असला तर, "सरक गा जराशिक, देवळामागून ऊन येऊन राहिलं." म्हशी आल्या की नाकाला रुमाल लावून उभा राहायचा, त्या जाईतोवर. चिंचेच्या झाडाखाली त्याची ठरलेली जागा. तोंड पूर्वेकडे, देवळाच्या पायऱ्यांकडे. पाठ पश्चिमेच्या कोपऱ्याकडे, जिथे प्रयागबाईचे शिंगाड्याचे वेल होते आणि वेलांच्या काठाने अर्ध्या वस्तीची परसाकडे बसायची जागा. त्याच्या फोटोंत चिचबोडी अशी दिसायची की नागपूरचा माणूस विचारायचा, "हे कुठचं हो, काश्मीर का?"

ते फोटो कोणी विकत घेत नसे. पोट चाललं ते लग्नांवर आणि नोकरीच्या अर्जांवर. एकच फोटो गाजला. थंडीतल्या एका सकाळी पश्चिमेच्या कोपऱ्यातून अडई बदकांचा थवा एकदम उठला. गिरिधर गरकन वळला आणि खटका दाबला. पंख असे फाकलेले, की जणू कोणी आभाळात पंखे उघडून धरले आहेत. खालच्या बाजूला कोणी तरी बसलेलं त्याला धुवायच्या वेळीच दिसलं. त्याने तेवढ्या भागावर पुठ्ठा धरला, वरचाच भाग छापला आणि खालची कड कात्रीने साफ केली. ती बदकं दुकानाच्या काचेत लागली. गणपतरावांनी एक मोठी प्रत करून घेतली, फ्रेम करून बैठकीत लावली. पाहुणा आला की बोट दाखवायचे, "निसर्ग पाहा, निसर्ग! आमच्या भाडेकरूने काढलाय."

आता झालं होतं असं. लकडगंजातल्या आरामशीनवाल्या ओमप्रकाश शेठने पश्चिमेचा कोपरा आपल्या जमिनीत धरला. लाकडाचा भुसा आणि पडक्या घरांचा मलबा ट्रकने आणून टाकायला लागला. बुजवायचा आणि प्लाट पाडायचे. मासे-शिंगाड्यांवर जगणाऱ्या धिवरांनी बोंब मारली, तेव्हा कचेरीतून गुरुवारी साहेब पाहणीला येणार असं ठरलं. आणि शेठच्या बाजूने लेखी दिलं कोणी, तर गणपतरावांनी. "सदर जागा पूर्वापार कोरडी पडीत असून तेथे पाणी कधीही पाहिलेले नाही." गणपतराव म्हणजे देवळाचे पंच, पेन्शनर, कपाळावर रोज ताजं गंध. प्लाटांपैकी एक कोपऱ्याचा प्लाट त्यांना स्वस्तात सुटणार होता, हे तलावातल्या बेडकांनाही ठाऊक होतं.

प्रयागबाई उठली. टोपली डोक्यावर घेतली. "सासऱ्यानं लावले, नवऱ्यानं लावले, म्या लावून राहिली. आता भुश्यात शिंगाडे लावू का गा?" आणि गेली. पायरीवर चिखल राहिला. गिरिधरने बादलीभर पाणी ओतलं.

दुपारी जेवताना त्याने बायकोला सांगितलं. सुभद्रा ताकाचा तांब्या ठेवत म्हणाली, "मंग थे बदकं कुठून उडाले होते? आभाळातून?"

घास हातात राहिला. तो तसाच उठला, बिस्किटाच्या डब्यातून निगेटिव्ह काढली, अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लावला आणि पहिल्यांदाच पुठ्ठा न धरता सगळीच्या सगळी छापली.

ट्रेमधल्या रसायनात कागद हलवताना आधी बदकं आली. मग त्यांच्या खाली पाणी, पाण्यावर शिंगाड्याचे वेल पसरलेले, वेलांत बांबूच्या खुणा, आणि डोंग्यात वाकून बसलेली प्रयागबाई. मग अगदी काठावर, धोतर कमरेला खोचून, टमरेल पाण्यात बुडवत, बदकांच्या फडफडाटाने दचकून मान वर केलेला माणूस. कपाळावर गंध नव्हतं एवढंच. बाकी गणपतराव जसेच्या तसे.

गिरिधरला मळमळलं. घरात संडास असून या माणसाचं पोट मोकळ्या हवेशिवाय उतरत नव्हतं. आणि ज्या पाण्यात टमरेल बुडवत होता, ते पाणी कधी पाहिलंच नाही असं त्यानेच लिहून दिलं होतं. पण मळमळायचं खरं कारण वेगळंच होतं. रोज या माणसाच्या पाया पडत आलो, भाडं देताना दोन्ही हातांनी दिलं, आणि बैठकीत आपलाच फोटो टांगला म्हणून छाती फुगवली.

सुभद्राने दारातून डोकावून फोटो पाहिला. पदर तोंडाला लावला, तो हसू लपवायला की काय कोण जाणे. मग एकदम गंभीर झाली. "हे दाखवलं तं दुकान जाईन."

"म्या कुठी दाखवून राहिलो?"

"नाई, सांगून ठेवते. घर त्याईचं आहे."

गिरिधरने फोटो वाळवला, पाकिटात घातला. संध्याकाळी वर गेला. गणपतराव झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते, डोक्यावर बदकांची फ्रेम.

"काका, थ्या कोपऱ्यात पाणी होतं. तुमाले मालूम आहे, मलेबी मालूम आहे. लिहून देल्लेलं वापस घ्या."

"गिरिधर, तू फोटो काढ. वकिली करू नको."

"मायापाशी फोटो आहे."

"असेल की. छानच असेल." अडकित्त्याचा कटकन आवाज आला. "तुझ्या फोटोत त्या कोपऱ्याची घाण कधी आली आहे का आजवर? ते तुझं वैशिष्ट्यच आहे. तसंच राहू दे."

पाकीट खिशातच होतं. पण अशा माणसाच्या हातात असा फोटो कसा द्यावा हेच त्याला कळेना. एखाद्याला त्याचीच घाण ताटलीत वाढून देण्यासारखं ते. तसाच खाली उतरला आणि साबणाने हात धुतले. फोटोला हात लावल्याचे की पाया पडल्याचे, ते त्यालाच माहीत.

गुरुवारी साहेब आले. सोबत शिपाई, नकाशा. ओमप्रकाश शेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, पायात चकचकीत जोडे, प्रत्येक पाऊल पाहून टाकत होते. जागा तशीच होती ना! धिवर एका बाजूला, रिकामटेकडे चहूकडे. भुश्याला पाणी लागून आंबूस वास सुटला होता, त्यात बाकीचा वास मिसळलेला. गिरिधर रुमाल नाकाला लावून सगळ्यांच्या मागे उभा होता. गरज नाही पडली तर बरंच, असं म्हणत.

"इथं पाणी होतं याला पुरावा काय?" साहेबांनी विचारलं.

"आमी आहो ना!" प्रयागबाई म्हणाली. "हे वेल काय रेतीत उगवते का?"

"वेल काय, बाई, आणूनही टाकता येतात," गणपतराव शांतपणे म्हणाले. "साहेब, मी इथे जन्मलो. या जागेवर मी पाणी पाहिलेलं नाही. आणि मी कशाला, तो आमचा फोटोग्राफर उभा आहे. रोज या तलावाचे फोटो काढतो. विचारा त्याला, त्याच्या एका तरी फोटोत इथे पाणी आहे का?"

सगळ्यांच्या माना वळल्या. गणपतराव त्याच्याकडे पाहून प्रेमाने हसले. ते हसू पाहिलं आणि गिरिधरने रुमाल खिशात घातला, पाकीट काढलं आणि गर्दीतून वाट काढत साहेबांच्या हातात दिलं.

साहेबांनी फोटो उभा धरला. जवळ नेला. त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "हे... हे कोण गृहस्थ?"

प्रयागबाईने साहेबांच्या कोपराखालून मुंडी घातली आणि ओरडली, "अवं माय! हे तं गणपतराव काका!"

मग काय! फोटो या हातातून त्या हातात. कोणी म्हणे टमरेल नवं दिसते, कोणी म्हणे बदकं काहून पळाले ते आता समजलं. ओमप्रकाश शेठ मागे सरकता सरकता जोड्यासकट नको तिथे पडले.

"तो मी नव्हे!" गणपतराव किंचाळले. "आणि असलो तरी... ती जागा कोरडी होती!"

प्रयागबाईने कमरेवर हात ठेवले. "कोरडी होती? मंग धुतलं कायनं गा, काका?"

साहेबांनी तोंड तलावाकडे फिरवलं आणि बराच वेळ नकाशा पाहत राहिले. मग शिपायाला लिहायला सांगितलं.

ट्रक बंद झाले. पण टाकलेला मलबा कोणी उचलला नाही. अर्धा कोपरा गेला तो गेलाच. उरलेल्या अर्ध्यात प्रयागबाईने पुन्हा वेल सोडले आणि एक दिवस टोपलीभर शिंगाडे आणून गिरिधरच्या पुढ्यात ठेवले, काळेकुट्ट, चिखलाने माखलेले.

"तीनदा धुवून आण वं," तो म्हणाला.

"तुयापुढं देवबी धुवून आणा लागन," म्हणत ती ठेवून गेली.

गणपतरावांनी खोली खाली करायला लावली. बदकांची फ्रेमही भिंतीवरून उतरली. गिरिधरने नवा स्टुडिओ टाकला तो एका आटाचक्कीच्या शेजारी, टिनाच्या खोलीत. दिवसभर भिंत थरथरायची, पीठ उडायचं, काचेवर बसायचं. त्याहून मोठा ताप म्हणजे गिऱ्हाइकं. पानठेलेवाला, टांगेवाले, देवळातलाच एक दुसरा पंच, सगळ्यांना तोच फोटो पाहिजे. मोठा करून. पानठेलेवाला तर म्हणाला, "मी ठेल्यात टांगतो, गिरधरभाऊ, दुप्पट पैसे घे."

"निंग इथून!" गिरिधर ओरडला. "इतके वर्सं देवळामागचं ऊन दाखवलं, सालं कोणी मान वर करून पायलं नाई! तुमाले पायजे काय, तं हे! थू!"

खरंच थुंकला, आणि मग स्वतःच्याच दुकानात थुंकलो म्हणून पुन्हा चिडला. पाणी आणून जागा धुतली. निगेटिव्ह मात्र फाडली नाही. मलब्याचे ट्रक परत येणार नाहीत असं त्याला काही कोणी लिहून दिलं नव्हतं. आणि लिहून दिलं असतं तरी, लिहून देणाऱ्यांची जात त्याने पाहिली होती.

स्टुलावर एक जण केव्हाचा बसला होता. यष्टीत कंडक्टरच्या नोकरीचा अर्ज करायचा होता म्हणे. हसू दाबून दाबून त्याचा चेहरा लाल झाला होता.

"हसू नोको बे. फोटो खराब होते," गिरिधर म्हणाला. चिंधी घेऊन काचेवरचं पीठ पुसलं, दिवा जवळ ओढला. "मान सरळ. अन् थे डोळ्याच्या कोपऱ्यातलं चिपाड काढ आधी, मंग बस."