आरमाराच्या बातमीचे दिवस

मुलांनो, तुम्ही अमेरिकेत वाढलात, म्हणून हे लिहिते आहे. एकाहत्तरच्या डिसेंबरात, युद्ध चालू असताना, नगरच्या आमच्या गल्लीत त्या देशाचं नाव शिवीसारखं घेतलं जाई.

शेजारचे तात्या मूळचे मिरजगावकडचे. मुलगा सीमेवर, सून दिवस भरलेली. सकाळी ते ओट्यावर बसून मोठ्याने पेपर वाचत आणि सारी गल्ली ऐके. अमेरिकेचं आरमार पाकिस्तानच्या मदतीला बंगालच्या उपसागराकडे निघाल्याचं आम्हाला असंच कळलं. माझ्या इंग्रजी पेपरातही तेच होतं, भाषा तेवढी सौम्य.

गल्लीच्या टोकाला एका अमेरिकन बाईंचं छोटं प्रसूतिगृह होतं. सगळे त्यांना मडमबाई म्हणत. तात्यांची नात त्यांच्याच हातची. पण त्या आठवड्यात त्यांची पायरी कोणी चढेना. दूधवाल्याने रतीब बंद केला. भिंतीवर कुणीतरी शेण फेकलं.

तात्यांच्या सुनेला कळा लागल्या. बाळ आडवं आहे, आपल्याने होणार नाही, असं सुईण म्हणाली. मी तात्यांना गाठलं.

"तात्या, मडमबाईंना बोलवा."

"बाई, तुमी शिकलेल्या, तुमीच सांगा. तिच्या देशाच्या बोटी माझ्या पोराच्या जिवावर उठल्यात, आन् सून तिच्या हाती देऊ?"

"बोटी काय त्यांनी पाठवल्या?"

"मंग पेपरवाले खोटं लिव्हत्यात व्हय?"

खोटं नव्हतंच ते. एवढ्यात मडमबाई स्वतःच बॅग घेऊन आल्या. तात्या दारात आडवे उभे राहिले.

"तात्या, शिव्या मागून द्या. आधी मला आत सोडा."

तात्या हलले नाहीत. शेवटी टांगा आणला. सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ गेलं होतं. मुलगा होता.

युद्ध संपलं, पेढे वाटले गेले. पेपरातून आरमार नाहीसं झालं, तशा बायका पुन्हा मडमबाईंकडे जाऊ लागल्या.

मग तात्यांचा मुलगा सुट्टीवर आला. मी भेटायला गेले होते. "देवाची मर्जी, बाबा," तात्या त्याला सांगत होते. चुलीपुढे भाकरी थापणारी सून मान न वळवता म्हणाली, "मडमबाई दारात आल्या हुत्या. मामंजींनी आत येऊ दिलं न्हाई."

दुसऱ्या सकाळी बायको-मुलीला घेऊन मुलगा पुणतांब्याला, तिच्या माहेरी निघाला.

"परत कवा येनार?" तात्यांनी विचारलं.

त्याने ट्रंक उचलली. वडिलांच्या पाया न पडताच तो ओटा उतरला.