मिस टॅल्बटच्या पेटीतली कार्डं

माझ्या डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी खाऊन मिस टॅल्बट नाक पुसत म्हणायच्या, "लीना, हे जेवण नाही, शिक्षा आहे."
आणि पुन्हा हात पुढे.

आज त्या गेल्या. इंग्लंडहून त्यांच्या भाचीचा मेसेज आला.
मी "ओके" लिहिलं. मग कुकर लावला.
रडू येत नाहीये.

सत्तरच्या दशकात मी वसईहून बहरीनला गेले, त्यांची टायपिस्ट म्हणून. मॅडम तिथली प्राचीन थडगी खणत होत्या. सगळे पुरुष, आणि हुकूम या एकट्या बाईचा.

मोठमोठे संशोधक साहेब म्हणायचे, या बेटावर बाहेरून प्रेतं आणून नुसती पुरली.
मॅडम म्हणायच्या, "नॉन्सेन्स. इथे माणसं राहत होती. त्यांची घरं मी शोधणार."

सापडली.
म्हणजे, मुकादम अबू यूसुफना सापडली. मातीवर पाय ठेवला की खाली भिंत आहे हे त्यांना कळायचं.

माझ्या पहिल्याच आठवड्यात ते एका थडग्यात डोकावून ओरडले, "मफी!"
मी त्या थडग्याच्या नोंदीच्या कार्डावर टाइप केलं, फोरमनने क्षमा मागितली.
सहा थडगी. सहा वेळा.

मॅडमनी कार्डं वाचली. "लीना, या माणसाने केलंय तरी काय?"

अरबीत मफी म्हणजे काही नाही. थडगं रिकामं. मला वाटलं, आपली माफी!
अबू यूसुफ हसत वाळूतच बसले. "चलो, मेरा सब गुनाह खलास!"

ऐंशीच्या दशकात रिपोर्ट छापला. मॅडमचं जगभर नाव झालं. अबू यूसुफ त्यात नुसते "स्थानिक मजूर".
टाइप मीच केलं होतं.
"मॅडम, त्यांचं नाव?"
"दुसऱ्या भागात. प्रॉमिस."

दुसरा भाग निघालाच नाही. अबू यूसुफ वाट बघतच वारले.

गेल्या महिन्यात मॅडमचा फोन. आवाज अगदी बारीक.
"पेन आहे? लिही."
मध्येच थांबल्या. "वेळ नव्हता असं नाही, लीना. मला श्रेय वाटून घ्यायचं नव्हतं."
मी म्हटलं, "येस मॅडम. पुढे?"

शांत झोपा, मॅडम. तुम्ही सांगितलं तसंच इथे देते.

पुस्तकं भाचीला.
टाइपरायटर आणि कार्डांची पेटी लीनाला.
खणायची थापी अबू यूसुफच्या मुलीला. अबू यूसुफ म्हणजे फक्त 'यूसुफचे वडील'. खरं नाव तिला विचार. मी कधी विचारलं नाही.
घरांच्या प्रत्येक कार्डावर 'शोधणारा' पुढे माझं नाव खोडून ते टाइप कर.
मगच कार्डं म्युझियमला.