टेबलावर एकच डबा

शुक्रवार, १७ जानेवारी. भाऊजींचं कपाट रिकामं करायचं होतं. इथे आखातात, अर्दियाच्या गोदामांमागे एका नेमबाजी क्लबचं वर्कशॉप आहे. माझे मोठे दीर, अनंत भाऊजी, तिथे अकरा वर्षं सभासदांसाठी पिस्तुलाची काडतुसं भरत होते. ते जाऊन तीन आठवडे झाले होते. क्लबचे व्यवस्थापक अबू फैसल यांनी मला एक खोका दिला आणि कपाटाचं कुलूप काढलं. आत एप्रन, दोन चष्मे, स्टीलचा जेवणाचा डबा आणि एक वही. पाच मिनिटांचं काम. मी खोक्याला चिकटपट्टी लावत असताना अबू फैसल शेल्फकडे बोट दाखवून म्हणाले, "सिस्टर, ये चार पेटी उसका आखिरी काम. कल सुबह नौ बजे लोग आएगा, इसी से चलाएगा. उसकी याद में." मी काडतुसांच्या त्या चार पेट्यांकडे पाहिलं. चिकटपट्टी माझ्याच बोटांना गुंडाळली गेली...

ते गेले तोही शुक्रवारच. एरवी शुक्रवारी मी क्लबमध्ये रजिस्टर लिहायला जात असे, कारण भाऊजींचं इंग्रजी कच्चं आणि क्लबला नोंदी इंग्रजीत लागत. त्या दिवशी मात्र जाब्रियातल्या हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये, माझ्या नोकरीच्या जागी, वर्षअखेरची मोजणी होती. हातमोज्यांचे खोके मोजताना फोन आला. भाऊजी टेबलापाशी कोसळले होते. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हृदयविकार. वय सत्तावन्न. विलास, माझा नवरा, त्यांना घेऊन नाशिकला गेला; मी कागदपत्रांसाठी इथेच थांबले. रडायला फारसा वेळ मिळाला नाही, आणि मला ते जमतही नाही.

भाऊजी मूळचे फिटर. वहिनी गेल्यावर अबू हलीफा भागातल्या आमच्या घरी राहायला आले आणि राहिले. क्लबमध्ये गोळीसुद्धा तेच ओतत. शिसं वितळवायचं, साच्यात घालायचं, थंड झालेली गोळी बोटांनी फिरवून बघायची, जरा सुरकुती दिसली की पुन्हा भांड्यात. शिसं विषारी, म्हणून त्या टेबलापाशी पाणीदेखील पीत नसत. घरी आले की आधी आंघोळ, मग बोलणं. कपडे वेगळे धुवायचे, आणि तेही स्वतः. माझी मुलगी मुक्ता त्यांना चिडवायची, "काका, यू आर वर्स दॅन हॉस्पिटल." ते म्हणायचे, "हॉस्पिटलात चूक झाली तर डॉक्टर असतो गं. माझ्याकडे कोण आहे?"

या हिवाळ्याच्या तोंडाशी काडतुसात भरायची नेहमीची पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, यायची बंद झाली आणि नवी निवडायची वेळ आली. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. नाशिकला फोन करताना ते मुद्दाम 'पावडर' म्हणत. "या देशात फोनवर 'दारू निवडतोय' म्हणालो तर मलाच उचलतील." दोन डबे चाचणीला आणले होते. एका पावडरीची चिमूटभर पुरे; तिला जोर फार. दुसरी फुगीर, जास्त लागणारी. अबू फैसलना पहिली पसंत होती, डबा जास्त दिवस पुरला असता. भाऊजींनी मला काडतुसाची एक रिकामी पुंगळी दाखवली. "हे बघ सुनंदा, ही चिमूट तळाशी बसते. चुकून दोनदा पडली तरी वरून कळणार नाही. ती दुसरी दोनदा पडली तर बाहेर सांडेल. आणि आपली गोळी हाताने ओतलेली, मऊ. तिला दांडगाई सोसत नाही. आपल्याला चूक लपवणारी पावडर नको." झालं. फुगीर ठरली. जोराची परत पाठवायची, म्हणून तो अर्धा डबा वीस डिसेंबरला त्यांनी कुलपातून बाहेर काढून ठेवला.

त्यांचा एक नियम होता. टेबलावर एका वेळी एकच डबा. लेबल आपल्याकडे. पावडर आपल्या डब्यातून दुसऱ्या डब्यात कधीच जाणार नाही. मी हा नियम शेकडो वेळा ऐकला होता. पण वीस डिसेंबरच्या त्या शुक्रवारी ते नेमबाजीच्या रेंजवर गेले, मी शेल्फ पुसायला घेतलं, आणि समोर एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे दोन अर्धे डबे दिसले. माझं आयुष्य स्टोअरमध्ये गेलं आहे, आणि घरी रव्याचे दोन अर्धे डबे मी जन्मात कधी राहू दिले नाहीत. एक दुसऱ्यात ओतला, रिकामा कचऱ्यात टाकला, भरलेला टेबलावर ठेवला. लेबल पुढे करून, नीट.

ते आले, त्यांनी लेबल वाचलं आणि कामाला लागले. लेबल बरोबरच होतं, फुगीर पावडरीचं; आत मात्र जोराचीही मिसळली होती. दुपारपर्यंत दोन पेट्या भरून झाल्या, मी रजिस्टरमध्ये चढवल्याही. आवरताना त्यांना कचऱ्यात डबा दिसला.

"हा कोणी रिकामा केला?"

"मी. जागा मोकळी केली."

ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "दिसायला दोन्ही राखाडीच गं... पिस्तूल हातात फुटेल कोणाच्या तरी." उरलेली पावडर त्यांनी नियमाप्रमाणे नष्ट करायच्या सामानात टाकली. पेट्यांतली काडतुसं मोडून टाकतो म्हणाले. त्यांनी रजिस्टर उघडलं तेव्हा मी म्हटलं, "लिहू नका, भाऊजी. या वयात इकामा रद्द झाला तर देश सोडावा लागेल..." खरं म्हणजे मला माझीच लाज वाटत होती. त्यांनी पेन खाली ठेवलं. पुढचा आठवडाभर आम्ही एका टेबलावर जेवलो. पेट्या मोडल्या का, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आता शेल्फवर चार पेट्या होत्या. शेवटच्या आठवड्यात त्यांनी किती भरल्या ते मला ठाऊक नव्हतं. त्यांनी त्या दोन मोडल्या असणार. भाऊजी तशा ठेवणारच नाहीत. पण 'असणार' हा शब्द त्यांना चालत नसे. "मोडल्यात की मोडल्या असणार?" असं त्यांनीच मला विचारलं असतं. आणि तरी मी अबू फैसलना काही न सांगता खोका गाडीत टाकून घरी आले.

संध्याकाळी जेवायला बसण्याआधी विलासला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अकरा वर्षांत दादाच्या नावावर एक डाग नाही. गेलेल्या माणसाला कशाला ओढतेस? त्याने मोडल्या असतील." टेबलाच्या पलीकडून मुक्ता म्हणाली, "आई, व्हॉट इफ ही डिडन्ट?" विलासने ते ऐकलं. मी खोक्यातून वही काढून चाळली. त्यात साच्यांची मापं, गोळ्यांची वजनं होती. पेट्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. आमटी गरम केली आणि तशीच झाकून ठेवली. डोळ्यांसमोर सारखा कोणाचा तरी हात येत होता. चेहरा नाही, नुसता हात.

सकाळी साडेसातला अर्दियात पोचले. अबू फैसल चहा पीत होते. उभ्यानेच सगळं सांगितलं, मोडक्या हिंदीत, डबा कोणी ओतला इथपासून. त्यांनी विचारलं, "अनंत को मालूम था?" मी म्हटलं, "हां. लिखना चाहते थे. मैंने रोका." त्यांनी कप खाली ठेवला. चारही पेट्या स्वतः उचलून कुलपात टाकल्या, वर लाल चिठ्ठी लावली आणि सभासदांना सकाळचा सराव रद्द झाल्याचे फोन केले. मग रजिस्टर आणून पुढ्यात ठेवलं.

मी वीस डिसेंबरचं पान काढलं. माझ्या अक्षरातली दोन पेट्यांची ओळ होती. तिच्याखाली एक ओळ कोरी, आणि त्याखाली पुढची नोंद, भाऊजींच्या तुटक इंग्रजीत. रजिस्टरमध्ये ओळ सोडायची नाही हाही त्यांचाच नियम होता; ही मात्र त्यांनी सोडली होती. त्या कोऱ्या ओळीत मी काय झालं ते लिहिलं, माझं नाव लिहिलं, सही केली.

टेबलावर तीन आठवड्यांची धूळ बसली होती. फडकं ओलं करून पुसली. दुसऱ्या कोणीतरी काढून ठेवलेले पावडरीचे दोन डबे तिथे होते. त्यातला एक अबू फैसल यांच्या हातात दिला, कुलपात ठेवायला. दुसऱ्याचं लेबल पुढे केलं आणि हॉस्पिटलला ड्यूटीवर गेले.