आलाय की आलेत

"कानाला दार नसतं, तोंडाला असतं," हे यल्लव्वाचं रोजचं बोलणं. एखादी शेजारीण कुणाची चहाडी घेऊन दारात आली, की यल्लव्वा भाकरी थापता थापता एवढंच म्हणायची आणि परत परातीत मान घालायची. चहाडी आणणारी मग पदर सावरत उठायची.

खानापूरच्या बाजूची ही बाई. घरात मराठी, दारात कन्नड. नवरा बेंगळुरूच्या पीण्या भागात कारखान्यात कामाला लागला म्हणून इकडं आली. नवरा गेला, तरी माघारी फिरली नाही. पहाटे ज्वारीचं पीठ मळायला बसायची, आणि उन्हं अंगणात येईतोवर मल्लेश्वरमच्या दोन खानावळींच्या भाकऱ्या टोपल्यात निवत पडलेल्या असायच्या. अक्षर एक येत नव्हतं. पण त्या भाकरीचा पापुद्रा फुगून आला की बघणाऱ्याचं पोट निम्मं भरायचं.

तिला लेकरं दोन. थोरला बसवंत, धाकटी कावेरी. सहा वर्षांमागं कावेरी एका संध्याकाळी कपडे शिवायच्या कारखान्यातून सुटली, ती घरी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी एका बंद शेडच्या मागं सापडली. डोक्यात घाव होता, अंगावर कामाचीच साडी होती, फोन तेवढा नव्हता.

पोलिसांनी विचारायचं त्यांना विचारलं. नागोजी नावाचा माणूस कारखान्याच्या पोरींना टेम्पोतून घरी सोडायचा. तो म्हणाला, पोरगी त्या दिवशी माझ्या टेम्पोत बसलीच नाही, भाऊ न्यायला येतोय म्हणाली. बसवंत म्हणाला, मी तिकडं गेलोच नाही. सकाळी आमचं वाजलं होतं, त्या रागात एकटाच हिंडत होतो. दोघांत खोटं कुणाचं, हे ठरवायला काहीच हाती नव्हतं. कागद बांधून ठेवले गेले. नागोजी टेम्पो विकून गावी निघून गेला.

हाती काहीच नव्हतं, हे पोलिसांपुरतं खरं. यल्लव्वाच्या पेटीत साड्यांखाली एक जुना फोन होता, आणि त्या फोनमध्ये त्या संध्याकाळची कावेरी होती. तिनं आईला बोलून निरोप धाडला होता. "अव्वा, अण्णा आल..." आणि तेवढ्यात मागं बसचा भोंगा वाजला होता. भोंगा सरला तेव्हा पोरगी "निघते" म्हणत होती.

अण्णा. या गावात अण्णा कोण नाही? दूधवाला अण्णा, रिक्षावाला अण्णा, टेम्पोवाला नागोजी तर कारखान्यातल्या सगळ्या पोरींचा अण्णा. पण घरातला अण्णा एकच, बसवंत. थोरला भाऊ म्हणून कावेरी त्यालाही अण्णाच म्हणायची. परक्या अण्णाला ती मान देऊन 'आलेत' म्हणाली असती. भावाला जन्मात कधी मान दिला नव्हता तिनं. तो दारात दिसला की "आलाय बघ तुझा लाडका" म्हणायची. म्हणजे सगळं त्या एका अक्षरावर आलं होतं, आणि नेमकं तेच भोंग्यानं गिळलं होतं.

त्या सकाळी बसवंतनं बहिणीवर हात उचलला होता, कुणा पोराशी बोलते म्हणून. "तंगडं मोडीन," म्हणाला होता. आणि रात्री उशिरा घरी आला तेव्हा त्याच्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत ओली होती. यल्लव्वानं ती ओली बाही बघितली, आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांनी "पोरीचा काही निरोप?" असं विचारल्यावर मान हलवली. नाही म्हणाली. एक लेकरू गेलं होतं. दुसरं आपल्या हातानं द्यायचं धाडस तिच्यात नव्हतं. बसवंतला तिनं काही विचारलं नाही. भाकरी वाढत राहिली.

अशी वर्षं गेली असती. पण शलाकानं ती गोष्ट उकरली.

शलाका पुण्याची पोर, बेंगळुरूतच पार दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला कंपनीत नोकरी करायची, आणि सुट्टीच्या दिवशी न सुटलेल्या खुनांचा पॉडकास्ट चालवायची. मराठीत. कावेरीवर तिनं दोन भाग केले. दुसऱ्या भागाच्या शेवटी ती हळू आवाजात म्हणाली, "कधीकधी उत्तर लांब नसतं. घरातच असतं." झालं. कोल्हापूर, नागपूर, दुबई, कुठकुठल्या ऐकणाऱ्यांनी बसवंतचा फोटो शोधून काढला. कारखान्यात त्याच्या मशीनशेजारचा गडी डबा उचलून दुसरीकडं बसायला लागला. जमत आलेली सोयरीक मोडली. एके दिवशी दोन अनोळखी पोरं दारासमोर उभी राहून घराचा व्हिडिओ काढत होती. यल्लव्वा पिठाच्या हातानं बाहेर आली तर त्यातला एक म्हणाला, "आजी, स्वल्प बाजूला व्हा की."

बसवंत मात्र शांत होता. "लोक बोलूदेत अव्वा," म्हणायचा. "तू हाईस न्हवं घरात."

ते ऐकलं की यल्लव्वा त्याच्याकडं पाठ करून तव्याकडं वळायची.

ती शलाकाचे सगळे भाग ऐकायची. वाचता येत नव्हतं, पण ऐकायला अक्षर कशाला लागतं? एका भागात शलाका सांगत होती, की रेकॉर्डिंगमधला गोंगाट कंप्युटरवर पुसता येतो, खालचा आवाज वर काढता येतो. यल्लव्वाचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी करपली. तिच्या हातून भाकरी करपलेली गल्लीनं पहिल्यांदा बघितली.

तिनं पेटीतून फोन काढला आणि बसवंतला सांगितलं, की यात कावेरीचा आवाज आहे, बेळ्ळंदूरच्या पोरीकडं जायचं आहे. एवढंच सांगितलं.

"कावेरीचा आवाज? आणि मला कधी बोलली नाहीस?"

यल्लव्वानं फोन पदरात गुंडाळला.

"मी येणार संगं," तो म्हणाला. "त्या बाईला एकदा तोंडावर बघायचंय मला."

नको म्हणायला यल्लव्वाला कारण सुचेना. खरं कारण सांगता येत नव्हतं. दोन बस बदलून दोघं गेली. रिंग रोडवर गाड्या मुंग्यांसारख्या चिकटून उभ्या होत्या. यल्लव्वा खिडकीतून बाहेर बघत होती, आणि बस हललीच नाही तर बरं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

शलाकाच्या खोलीच्या भिंतींना काळा स्पंज चिकटवलेला होता. आत शिरलं की आपलाच आवाज आपल्यापाशी पडायचा. बसवंतला बघून पोरीचा चेहरा उतरला.

"बसा ना. पाणी देऊ? अॅक्च्युअली, मी तुमचं नाव कधीच घेतलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाव नाही घेतलंत," बसवंत म्हणाला. "घरातच म्हणालात. आमच्या घरात हाय कोण? एक अव्वा, एक मी. अव्वा तर घरात रातच्या भाकऱ्या करत होती. मग राहिलं कोण, सांगा की."

यल्लव्वानं फोन पुढं केला. "बाई, यातला भोंगा काढ. पयल्यांदा मीच ऐकणार. दुसरं कुणी नाही."

शलाकानं तार जोडली. पडद्यावर आवाजाच्या रेघा उमटल्या, भोंग्याच्या जागी काळा डोंगर होता. ती तो डोंगर कोरत बसली. बसवंत भिंतीला पाठ लावून उभा. यल्लव्वाच्या मनात दोनच शब्द वर-खाली होत होते, जसे विहिरीत दोन पोहरे. हात देवाला जोडावेत तर काय मागावं? परका असू दे, एवढंच मागायचं, पण ते मागणंसुद्धा लेकावरचा संशय कबूल करणं होतं.

"काकू, घ्या." शलाकानं तिच्या कानांवर हेडफोन बसवले.

आधी रस्त्याचा आवाज आला, मग पोरीचा. तोच चिरका, घाईतला. "अव्वा, अण्णा आलेत. निघते."

"पुन्हा," यल्लव्वा म्हणाली.

शलाकानं पुन्हा लावलं. मग पुन्हा. यल्लव्वानं हेडफोन काढले आणि दोन्ही हातांत धरून लेकापुढं केले. "आलेत म्हणाली रे. आलेत."

बसवंतनं ऐकलं. बहिणीचा आवाज त्याच्या कानात सहा वर्षांनी पडत होता. तो खाली बसला आणि तोंड भिंतीकडं केलं. मग म्हणाला, "टेम्पोवाला. तो म्हणाला होता ती बसलीच नाही."

"हा तर पुरावा आहे," शलाका म्हणाली. मग तिनं जे विचारलं त्यात वाईट हेतू नव्हता. "पण काकू, हे तुम्ही तेव्हाच पोलिसांना का नाही दिलंत?"

बसवंतनं मान वळवली. आईकडं बघितलं, फोनकडं बघितलं, परत आईकडं.

"तुला वाटलं, आलाय म्हणाली," तो म्हणाला.

यल्लव्वाला खोटं बोलता आलं असतं. "व्हय," ती म्हणाली. "तुझी बाही ओली होती."

"नळाखाली डोस्कं धरलं होतं मी. तिच्यावर हात उचलला म्हणून." तो सावकाश बोलत होता, जणू दुसऱ्याच कुणाची हकिगत सांगतोय. "विचारायचं होतंस. एकदा. कोल्हापूरचा माणूस बोलला, दुबईचा बोलला, मी म्हटलं बोलूदेत. अव्वा हाय न्हवं घरात, म्हटलं."

शलाका मध्येच चाचरत म्हणाली, "काकू, हा आवाज मी पुढच्या भागात लावू का? नुसता पोलिसांना दिलात तर पडून राहील. लोकांनी ऐकला की दबाव येतो."

"पोरीचा आवाज बाजारात ठेवणार नाही मी," यल्लव्वा उठत म्हणाली. "पर तू बोल. ह्याचं नाव तुझ्या तोंडानं गेलंय, तुझ्याच तोंडानं परत दे. चुकले म्हण. हळू आवाजात नाही, मोठ्यानं."

शलाकानं मान डोलावली. तिनं साफ केलेला आवाज फोनमध्ये भरून दिला.

इमारतीच्या फाटकाबाहेर आल्यावर यल्लव्वा म्हणाली, "चल. पोलीस ठाण्यात जायचंय. तेव्हा खोटं बोलले, ते पण सांगायचंय."

"तू जा," बसवंत म्हणाला.

"तू?"

"मला बसायचंय हितंच जरा."

तिनं फोन कमरेला खोचला आणि चालू लागली. रिंग रोडवरच्या पुलाचा जिना उंच होता. कठड्याला धरून एकेक पायरी चढत ती वर गेली. खालून गाड्या वाहत होत्या आणि ती त्यांच्यावरून, पदर वाऱ्यावर सुटलेला, पलीकडं निघाली होती. मागं वळून बघितलं नाही.

फाटकाशी बसवंत उभा होता. तो बसला नव्हता. पलीकडच्या जिन्यावरून तिचं डोकं उतरून दिसेनासं झालं, तरी तो त्याच जागी नजर लावून उभा राहिला. पाय उचलला नाही, आणि नजरही काढली नाही.