पाचव्या खिडकीमागे

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता पुसट झाल्या. ही मात्र आठवली की आजही अंगावर काटा येतो.

सन साठच्या आसपास नवापूरकडच्या एका लहान ठाण्यात मी फौजदार होतो. जंगलाच्या कडेला एका इंग्रज साहेबानं आपल्या मुलुखातल्या घरासारखा बंगला बांधला होता. उतरतं छप्पर, उंच धुराडी, जाड दगडी भिंती, आतून सागवानी फळ्या. सुरतेचा नवा मालक तिकडे फिरकत नसे. राखणदार आणि त्याची बायको, एवढीच तिथं राहत.

एका सकाळी हजेरी चालू असताना बंगल्याच्या खिडक्या दुरुस्त करणारा म्हातारा मुसलमान सुतार ठाण्यात आला. "साहेब, भितमा कोनीतरी ठोकी ऱ्हायनं. राखणदार म्हने, मेमसाहेबनं भूत शे."

हवालदाराला घेऊन गेलो. भरदुपारीही दिवाणखान्यात काळोख होता. भिंतीतून तीन ठोके आले. मी दाराकडे सरकलो.

"साहेब, चला बाहेर," हवालदार पुटपुटला.

आम्ही निघालो. बायको कुठं, असं राखणदाराला विचारलं. "खापरले गई, माहेरले." डायरीत मी लिहिलं, 'संशयास्पद काही आढळले नाही.'

तरी मन खाई, म्हणून खापरला शिपाई धाडला. दुसऱ्या दिवशी तो परतला. बाई तिथं पोचलीच नव्हती.

राखणदाराला ठाण्यात बसवलं. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, भूत. पण भुताला भिणारा माणूस त्याच घरात एकटा जेवत-झोपत नाही. मी त्याला तसं म्हणालो.

जबाबासाठी बोलावलेला सुतार दारातून बोलला, "साहेब, ठोके येतस त्या बाजूले बाहेरथून पाच खिडक्या शेतस. आतमा चारच."

धावत गेलो. दिवाणखान्यालगतच्या जेवणघरातलं कपाट सरकवलं, सुतारानं मागची फळी उचकटली. पाहुण्यांना नोकर दिसू नयेत म्हणून साहेबानं भिंतीत अरुंद जिना ठेवला होता; पाचवी, पक्की बंद केलेली खिडकी त्याचीच. पायरीवर राखणदाराची बायको बसलेली. ओठ फुटलेले, नखं रक्ताळलेली, पण जिवंत.

नवरा बंगल्यातलं सागवान उपटून हद्दीपलीकडे विकत होता. बायको मालकाला सांगेन म्हणाली, म्हणून त्यानं तिला कोंडलं. नंतर सोडली तर ती पोलिसांत जाईल, म्हणून दार उघडायची त्यालाच भीती वाटली.

तिनं जबाब बाहेर उन्हात बसून दिला. "काल कोनीतरी उनथं. मी ठोकं, तं ते निंघी गयं."

ते वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं. आलेला नि निघून गेलेला मीच, हे सांगायचं धैर्य झालं नाही. पुढं नोकरीभर भीती वाटली तरी दार उघडून बघत राहिलो. पलीकडचा माणूस आपल्याहून जास्त घाबरलेला असू शकतो.